लॉनमोअर, अण्णा आणि अर्धे उघडे दार

२०२३ सालच्या एप्रिलमधली एका शनिवारची सकाळ. पाऊस इथल्या नेहमीच्या पद्धतीने पडत होता, म्हणजे धड कोसळतही नव्हता आणि थांबतही नव्हता. आदल्या ऑक्टोबरपासून गॅरेजच्या कोपऱ्यात झोपलेला आमचा पेट्रोलवरचा लॉनमोअर मी पुढे ओढला होता. मागच्या अंगणातले गवत घोट्याच्या वर गेले होते आणि शेजारचे गृहस्थ कुंपणावरून बघून काही न बोलता हसत होते. इंग्लंडात वीस वर्षे राहिल्यावर त्या हसण्याचा अर्थ समजतो.

मार्चमध्ये सांगलीहून आमचे अण्णा सहा महिन्यांसाठी आले होते. वय ७४, चार वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झालेली. पण कुठे इंजिनाचा आवाज आला की त्यांना घरात बसवत नाही. बावीस वर्षे त्यांनी एकच बजाज चेतक चालवली आणि दर रविवारी तिचा प्लग काढून पॉलिश पेपरने घासला. मी दोरी ओढून दमलो तेव्हा ते स्वयंपाकघरातली खुर्ची घेऊन गॅरेजमध्ये येऊन बसले आणि म्हणाले, "अरे, आधी प्लग बघ. तुझी डॉक्टरेट नंतर."

प्लग साफ केला. चोक दिला. दहाव्या ओढीला इंजिन फुरफुरून चालू झाले, पण चोक काढला की मान टाकायचे. पाऊस आत येऊ नये म्हणून गॅरेजचे मोठे दार मी गुडघ्याइतकेच वर ठेवले होते. घरात उघडणारे आतले दार किलकिले होते, कारण त्यातून चहा यायचा होता. चालू कर, बंद पडू दे, स्क्रू थोडा फिरव, पुन्हा चालू कर, असे आमचे अर्धा तास चालले. मध्येच अण्णा म्हणाले, "डोकं जरा जड झालंय रे." मी म्हणालो, "चहा आला की बरं वाटेल, अण्णा."

तेवढ्यात स्वयंपाकघरातला कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म वाजू लागला. तो आम्ही बॉयलरसाठी बसवलेला. मी आत जाऊन बॅटरी संपली असेल असे म्हणत बटण दाबले आणि त्याला गप्प केले. तीन-चार मिनिटांत तो पुन्हा वाजला. तेव्हा आमची सौ. वरून खाली आली, तिने अलार्मकडे पाहिले, मग गॅरेजमध्ये डोकावली आणि जे ओरडली ते छापण्याजोगे नाही. त्याचा सारांश असा की आम्ही दोघांनी आधी बाहेर पावसात जाऊन उभे राहावे. उठताना अण्णांचे पाय लटपटले आणि बाहेर येताच त्यांना उलटी झाली.

हा लेख त्या अर्ध्या तासातून निघाला आहे. माझी डॉक्टरेट तापवहनातली, पोटापाण्याचा धंदा सॉफ्टवेअरचा. इंजिनात पेट्रोल जळते म्हणजे काय होते याची रासायनिक समीकरणे मी एके काळी मुलांना शिकवली आहेत. तरीही हे घडले, म्हणून आपल्यापैकी ज्यांच्या शेडमध्ये किंवा गॅरेजमध्ये असे छोटे इंजिन आहे त्यांच्यासाठी हे लिहितो आहे.

पेट्रोल म्हणजे कार्बन आणि हायड्रोजन. पुरेशी हवा मिळाली तर त्याचे कार्बन डायऑक्साइड आणि पाणी होते. हवा कमी पडली तर कार्बनला प्राणवायूचे दोन अणू मिळण्याऐवजी एकच मिळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपू नये हे आपल्याकडे आजी सांगायची, ते याच वायूमुळे. बाथरूममधल्या गॅस गीझरने माणसे गेल्याच्या बातम्या महाराष्ट्रात दर हिवाळ्यात वाचतो, तिथेही हाच असतो. विहिरीत पंपाचे इंजिन उतरवून उपसा करताना माणसे गुदमरतात आणि त्यांना काढायला उतरलेलीही परत येत नाहीत, हे गावाकडच्या लोकांना माहीत आहे.

आता मोटारीच्या तुलनेत हे छोटे इंजिन इतके वाईट का, हे पाहू. १९९३ च्या सुमारापासून इथे विकल्या जाणाऱ्या नव्या पेट्रोल मोटारींना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो आणि हवा-पेट्रोलचे प्रमाण संगणक सेकंदासेकंदाला सांभाळतो. (म्हणून मोटार गॅरेजमध्ये चालू ठेवली तर चालते असे कृपया समजू नका. कन्व्हर्टर थंड असतो तोवर तो जवळजवळ निरुपयोगीच.) लॉनमोअरच्या इंजिनात यातले बहुधा काहीच नसते. साधा कार्ब्युरेटर, तोही पेट्रोल थोडे जास्तच देईल असा लावलेला, कारण त्यामुळे इंजिन सहज चालू होते आणि फार तापत नाही. त्यात चोक दिला की हवा आणखी कमी. म्हणजे इंजिन नीट चालत नसताना, चोक देऊन, पुन्हा पुन्हा चालू करण्याच्या ज्या खटपटीत आम्ही होतो, तीत हा वायू सर्वांत जास्त निघतो.

किती निघतो, याचा हिशेब मी नंतर हॉस्पिटलच्या प्रतीक्षालयात बसून पाकिटाच्या मागे केला. इंजिन १६० सीसीचे, मिनिटाला २८०० फेरे. चार-स्ट्रोक असल्याने दोन फेऱ्यांत एकदा हवा आत घेते. म्हणजे पूर्ण जोरात मिनिटाला सुमारे २२४ लिटर. गवत कापायचे नसताना साधारण एक तृतीयांश धरू: ७५ लिटर. धुरात शेकडा ४ भाग कार्बन मोनॉक्साइड धरला, आणि असल्या इंजिनासाठी हा अंदाज मुळीच फुगवलेला नाही, तर मिनिटाला ३ लिटर झाला. आमचे गॅरेज ५ मीटर लांब, अडीच मीटर रुंद, २.४ मीटर उंच. म्हणजे ३० घनमीटर, ३०,००० लिटर हवा. त्यात दर मिनिटाला ३ लिटर, म्हणजे दहा लाखांत १०० भाग. शास्त्रीय भाषेत १०० पीपीएम. दार पूर्ण बंद असते तर दहा मिनिटांत १००० पीपीएम.

हे आकडे कशाशी ताडून पाहायचे? ब्रिटनमध्ये कामाच्या जागी आठ तासांच्या सरासरीला २० पीपीएम ही मर्यादा आहे आणि १५ मिनिटांसाठी १००. अमेरिकेत १२०० पीपीएम हा आकडा जिवाला तत्काळ धोका मानला जातो. घरातला अलार्म युरोपीय मानकाप्रमाणे ५० पीपीएमला तास ते दीड तासाने वाजतो, १०० ला १० ते ४० मिनिटांत, आणि ३०० पीपीएमला तीन मिनिटांच्या आत. आमचा अलार्म बाजूच्या खोलीत होता, एका किलकिल्या दाराच्या पलीकडे. तो गप्प केल्यावर इतक्या लवकर पुन्हा का वाजला, ते पाकीट संपता संपता माझ्या लक्षात आले.

"पण दार उघडे होते ना?" हा प्रश्न मला नंतर अनेकांनी विचारला. गुडघ्याइतके उघडे दार म्हणजे खिडकी नव्हे. एकाच बाजूने आणि खालूनच उघडे असेल तर हवेला आरपार वाट मिळत नाही. गरम धूर वर छतापाशी जातो, तिथे साठतो आणि हळूहळू खाली मिसळत येतो. शिवाय वारा समोरून असेल तर तोच धूर आत कोंडतो, आणि घराकडचे किलकिले दार त्याला चिमणीसारखे ओढून घेते. दार पूर्ण उघडले असते तर ठीक झाले असते का? मी आता तोही प्रयोग करणार नाही. इंजिन चालू करायची जागा आकाशाखाली, भिंतीपासून आणि खिडक्यांपासून दूर. पाऊस असेल तर गवत वाढू द्यावे.

या वायूला रंग, वास, चव काही नाही. धुराला असतो, पण नाकाला त्याची पाच मिनिटांत सवय होते. रक्तातल्या हिमोग्लोबिनला हा वायू प्राणवायूपेक्षा दोनशे-अडीचशे पटीने घट्ट धरतो. म्हणून हवेत तो हजारात एक भाग असला तरी रक्तात त्याचा हिस्सा वाढत जातो. आणि पहिल्यांदा बिघडतो तो विचार. डोके जड होते, मळमळते आणि आळस येतो. ऊठ, बाहेर जा, हे सांगणारा भागच मंद होतो. मी अलार्मवर संशय घेतला, इंजिनावर घेतला नाही, ही मूळची सॉफ्टवेअरवाल्याची खोड की त्या वायूचाच परिणाम, हे मला आजही नक्की सांगता येत नाही.

याचा पहिला कसून अभ्यास ज्या माणसाने केला त्याची थोडी ओळख करून द्यायला हवी. जॉन स्कॉट हाल्डेन हे मूळचे एडिंबरोचे शरीरशास्त्रज्ञ. १८९० च्या दशकात त्यांनी हा वायू मोजून स्वतः हुंगला आणि आपलेच रक्त तपासत त्याचे परिणाम टिपून ठेवले. १८९६ मध्ये वेल्समधल्या टायलर्सटाउन येथे कोळशाच्या खाणीत स्फोट झाला. बहुतेक कामगार स्फोटाच्या दणक्याने नव्हे, तर नंतर पसरलेल्या कार्बन मोनॉक्साइडने गेले, हे हाल्डेन यांनी दाखवून दिले. लहान प्राण्यांवर परिणाम लवकर होतो म्हणून खाणीत उंदीर किंवा छोटे पक्षी न्यावेत ही सूचना त्यांचीच. ब्रिटिश खाणींतले कॅनरी पक्षी थेट १९८६ नंतर निवृत्त झाले. त्यांची जागा इलेक्ट्रॉनिक यंत्रांनी घेतली. याच हाल्डेन यांचे चिरंजीव जे. बी. एस. हाल्डेन १९५७ मध्ये भारतात आले, पुढे भारतीय नागरिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले. आमच्या स्वयंपाकघरातला तो पांढरा प्लास्टिकचा डबा म्हणजे कॅनरीचाच वारस. मी त्याचे तोंड दाबले होते.

हॉस्पिटलबद्दल एकच गोष्ट सांगतो, कारण ती फार कमी लोकांना माहीत आहे. रुग्णवाहिका येईपर्यंत मी घाईघाईने कोविडच्या काळात घेतलेला ऑक्सिमीटर अण्णांच्या बोटाला लावला. आकडा आला ९८. मला हायसे वाटले आणि मी तसे बोललोही. ते साफ चूक होते. बोटाला लावायचे हे यंत्र दोन रंगांच्या प्रकाशात रक्ताचा रंग पाहते. प्राणवायू धरलेले हिमोग्लोबिन आणि कार्बन मोनॉक्साइड धरलेले हिमोग्लोबिन या दोन्हींत त्याला फरक कळत नाही. दोन्ही लालच दिसतात. माणूस गुदमरत असतानाही ते ९८ दाखवू शकते. खरा आकडा रक्त तपासूनच कळतो. अण्णांचा ८ टक्के निघाला. धूम्रपान न करणाऱ्याचा तो दोन-तीनच्या आत असतो. तरण्या माणसाला ८ टक्क्यांनी डोकेदुखीपलीकडे काही झाले नसते, पण ज्याच्या हृदयाच्या रक्तवाहिन्या आधीच अरुंद आहेत त्याची गोष्ट वेगळी. मास्क लावून प्राणवायू दिला. साध्या हवेत हा वायू रक्तातून निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात, शुद्ध प्राणवायूवर तास-दीड तास. रात्री आम्ही घरी आलो. म्हणून अशा वेळी आधी बाहेर मोकळ्या हवेत जावे, ९९९ ला फोन करावा आणि "कार्बन मोनॉक्साइड" हे दोन शब्द स्वतःहून उच्चारावेत. कारण डोकेदुखी आणि उलटी एवढेच सांगितले तर कोणालाही आधी अपचन किंवा फ्लूच आठवतो.

आता मुळात इंजिन बिघडले का, त्याकडे वळतो. उत्तर लाजिरवाणे आहे: ऑक्टोबरातले पेट्रोल मी टाकीत तसेच ठेवले होते. पेट्रोल हे लोणच्यासारखे मुरत नाही, दुधासारखे नासते. हलके घटक उडून जातात, उरलेल्याचा चिकट थर होतो आणि कार्ब्युरेटरची सुईच्या टोकाएवढी छिद्रे बुजतात. मग पेट्रोल अपुरे पडते आणि इंजिन चोकशिवाय चालत नाही. आमचे झाले तसेच. सप्टेंबर २०२१ पासून ग्रेट ब्रिटनमध्ये पंपावरचे साधे ९५ ऑक्टेनचे पेट्रोल ई-१० असते, म्हणजे त्यात १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल; उत्तर आयर्लंडमध्ये ते नोव्हेंबर २०२२ मध्ये आले. इथेनॉल हवेतले पाणी ओढून घेते आणि जुन्या यंत्रांतले रबर व काही धातू खराब करते. बहुतेक पंपांवर महाग असलेले "सुपर" पेट्रोल ई-५ असते, त्यात इथेनॉल ५ टक्क्यांपर्यंत. लॉनमोअरला वर्षभरात लागते किती? पाच-सात लिटर. तेवढ्यासाठी सुपर घ्यायला परवडते. शरद ऋतूत शेवटचे गवत कापताना टाकी संपवावी, आणि इंजिन बाहेरच आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्यावे.

हे पेट्रोल साठवण्याबद्दल इथला कायदा स्पष्ट आहे. २०१४ च्या पेट्रोलियम (कन्सॉलिडेशन) रेग्युलेशन्सप्रमाणे घरी कोणालाही न कळवता ३० लिटरपर्यंत ठेवता येते. प्लास्टिकचा कॅन जास्तीत जास्त १० लिटरचा, धातूचा २० लिटरचा, आणि तो पेट्रोलसाठीच बनवलेला हवा. आपल्या लोकांची रिकाम्या डब्यांवर फार माया असते. तेलाचा, व्हिनेगरचा, आयस्क्रीमचा, कोणताही डबा आपण टाकत नाही. पेट्रोलच्या बाबतीत ती माया आवरावी. साधे प्लास्टिक त्याने मऊ पडते आणि झाकणातून वाफ निघत राहते.

या वाफेचाही विचार करू. आपल्यातल्या चाळिशी-पन्नाशीच्या लोकांना रॉकेलचा स्टोव्ह आठवत असेल. काकडा पेटवून बर्नर तापवल्याशिवाय तो धड पेटत नसे. रॉकेल थंड असताना त्याची पेट घेण्याजोगी वाफ होत नाही, म्हणून. त्या सवयीमुळे आपल्या मनात "इंधन" म्हणजे थोडे समजूतदार काहीतरी असते. पेट्रोल तसे नाही. ते उणे ४० अंश सेल्सियसच्या आसपासही पेटण्यापुरती वाफ सोडते. म्हणजे स्कॉटलंडमधल्या सर्वांत गारठलेल्या रात्रीसुद्धा. ही वाफ हवेपेक्षा तीन-चार पटींनी जड असल्याने सांडलेल्या पाण्यासारखी जमिनीवरून पसरते, दाराच्या फटीखालून जाते, पायरीवरून उतरते. हवेत शेकडा दीडच्या आसपास झाली की ती पेटू शकते. अर्धा कप, म्हणजे १०० मिलिलिटर पेट्रोल सांडून उडाले, तर एक घनमीटरहून जास्त हवा पेट घेण्याजोगी होते. आणि आपल्या गॅरेजमध्ये काय काय असते? चतुर्थीच्या मोदकांनी भरलेला फ्रीझर, कपडे वाळवायचे यंत्र, कोणाकडे बॉयलर. फ्रीझर आपणहून चालू-बंद होताना आत बारीक ठिणगी पडू शकते. जुन्या बॉयलरमध्ये तर ज्योतच तेवत असते.

म्हणून भरायचे ते बाहेर, इंजिन बंद आणि थंड असताना. अर्धे गवत कापून झाले आणि टाकी संपली, तर लगेच भरायचा मोह होतो. तेव्हा सायलेन्सर इतका तापलेला असतो की ओघळलेले पेट्रोल क्षणात वाफ होऊन पेटू शकते. पंधरा-वीस मिनिटे चहा घ्यावा. पंपावर कॅन भरताना तो मोटारीच्या डिकीत ठेवून भरू नये. जमिनीवर ठेवावा, म्हणजे स्थिर विद्युत साठत नाही, आणि काठोकाठ भरू नये. उन्हात पेट्रोल फुगते.

राहिले पाते. त्याला सगळेच भितात, आणि भीती असते तिथे माणूस सावध असतो, म्हणून मी थोडक्यात सांगतो. ४६ सेंटिमीटरचे पाते मिनिटाला २८०० फेरे घेते तेव्हा त्याचे टोक ताशी सुमारे २४० किलोमीटर वेगाने जात असते. त्याने उडवलेला खडाही तसाच जातो. म्हणून आधी अंगण चालून दगड आणि मुलांची खेळणी उचलावीत, पायात चपला नकोत, आणि नातवंडांनी घरात बसून खिडकीतून पाहावे. हातात धरायची जी आडवी दांडी असते, ती सोडली की इंजिन किंवा पाते थांबते. अमेरिकेत १९८२ पासून नियमच आहे की हात सुटल्यावर तीन सेकंदांत पाते थांबले पाहिजे. ही दांडी दोरीने बांधून ठेवणारे महाभाग मी पाहिले आहेत, आणि त्यांतले दोघे आपलेच आहेत. चाचणी नापास होते म्हणून चाचणीच काढून टाकणाऱ्या प्रोग्रॅमरची आणि यांची जात एक.

पण एका गोष्टीवर मला थांबायचे आहे. इंजिन बंद केले म्हणजे ते "बंद" झाले असे आपण धरून चालतो. टीव्हीसारखे. लॉनमोअरला बॅटरी नसली तरी ठिणगी कुठून येते? जुनी चेतक आठवा: तिलाही बॅटरी नव्हती, पण किक मारली की ठिणगी पडायची, आणि किक बसत नसेल तर गिअरमध्ये टाकून ढकलली तरी ती चालू व्हायची. फिरणाऱ्या चाकात लोहचुंबक असतो. तो तारेच्या गुंडाळीजवळून गेला की वीज तयार होते आणि प्लगला ठिणगी मिळते. चाक कोणी फिरवले, याच्याशी तिला कर्तव्य नाही. आता पाते त्याच दांड्याला खालच्या टोकाला जोडलेले असते. ओले गवत अडकले म्हणून तुम्ही हाताने पाते फिरवता, तेव्हा खरे तर तुम्ही किक मारत असता, आणि तीही पात्यावर हात ठेवून. बंद करायची सोय ठिणगीची वीज जमिनीकडे वळवून काम करते. तिची तार जुन्या यंत्रात तुटलेली असू शकते. तापलेल्या इंजिनात थोडी पेट्रोलची वाफ शिल्लक असेल तर पात्याचा एक झटका पुरतो. म्हणून खाली हात घालायच्या आधी प्लगवरची रबरी टोपी ओढून काढायची आणि प्लगपासून लांब अडकवून ठेवायची. दोन सेकंदांचे काम आहे. यंत्र आडवे करताना कार्ब्युरेटरची बाजू वर ठेवायची, नाहीतर तेल आणि पेट्रोल नको तिथे उतरते.

मी हे अण्णांना समजावत होतो तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे चेतकचा प्लग मी दर रविवारी काढायचो ते बरोबरच होतं की." होते.

शेवटचा विषय जनरेटरचा, कारण आजकाल मंडळी तो विकत घेऊ लागली आहेत. नोव्हेंबर २०२१ च्या अखेरीस आलेल्या आर्वेन वादळात दहा लाखांच्या आसपास घरांची वीज गेली आणि काही हजार घरांत ती आठवड्याहून जास्त काळ आली नाही. डरॅम, नॉर्थंबरलंड, ॲबर्डीनकडचे लोक तो आठवडा विसरलेले नाहीत. अशा थंडीत, अंधारात, पावसात जनरेटर भिजू नये म्हणून तो गॅरेजमध्ये किंवा खिडकीखाली ठेवावासा वाटतो. तो लॉनमोअरपेक्षाही वाईट, कारण तो तासन्‌तास, रात्रभर, भार घेऊन चालतो आणि घरचे लोक झोपलेले असतात. एक छोटा जनरेटर शेकडो मोटारींइतका कार्बन मोनॉक्साइड सोडू शकतो, असे अमेरिकेचा ग्राहक सुरक्षा आयोग सांगतो. घरापासून किमान २० फूट लांब आणि धुराचे तोंड घराच्या उलट दिशेला, ही त्यांची सूचना.

आणि एक अस्सल आपली युक्ती इथे करू नये. लोडशेडिंगच्या दिवसांत दोन्ही टोकांना प्लग असलेली वायर करून जनरेटरची वीज भिंतीतल्या सॉकेटमधून घरात सोडणारे लोक आपण पाहिले आहेत. तीच वीज मीटरमधून उलटी बाहेर जाते, रस्त्यावरच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये तिचा दाब वाढतो आणि खांबावर दुरुस्ती करणाऱ्या वायरमनचा जीव जातो. फ्रिज आणि दिवे लांब वायरने थेट जनरेटरला जोडावेत. संपूर्ण घर जोडायचे असेल तर इलेक्ट्रिशियनकडून चेंजओव्हर स्विच बसवून घ्यावा. वीज गेली की फोन १०५ ला.

आमच्या लॉनमोअरचा कार्ब्युरेटर पुढच्या शनिवारी, कोरड्या हवेत, अंगणात उघडला. खालच्या वाटीत मधासारखा पिवळा चिकट थर होता आणि त्यात पाण्याचा एक थेंब. जुन्या पेट्रोलचे काय करायचे म्हणून कौन्सिलला फोन केला. गटारात किंवा मातीत ओतायचे नाही हे ठाऊक होते, पण आमच्या जवळचे कचरा केंद्र ते घेत नाही हे ठाऊक नव्हते. दुसऱ्या केंद्रावर, आधी वेळ ठरवून, त्यांच्या अटीप्रमाणे बंद कॅनमध्ये नेऊन द्यावे लागले. तुम्हीही आधी फोन करून मगच जा. अण्णांनी त्या दिवशी खुर्ची अंगणाच्या दुसऱ्या टोकाला, वाऱ्याच्या वरच्या बाजूला मांडली आणि तिथून ओरडून सूचना दिल्या. इंजिन तिसऱ्या ओढीला चालू झाले.